स्वच्छ ऊर्जेचा हिशोब : छप्पर कुणाचे, बचत कुणाची?

रोहा शहराला खेटून असलेले वरसे कागदावर ग्रामपंचायतीचे गाव आहे. जनगणनेत मात्र त्याची नोंद ‘जनगणना शहर’ अशी होते. आजूबाजूचा पट्टा पाहिला तर ऊर्जेचा सगळा प्रश्न एकाच जिल्ह्यात मांडून ठेवल्यासारखा दिसतो. जवळच धाटाव एमआयडीसीतले रासायनिक कारखाने आहेत. याच तालुक्यात नागोठण्याला वायूवर आधारलेला पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे. शेजारच्या पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आहे आणि त्याचा कच्चा माल धरमतरच्या खाडीतून येतो. उरणला महानिर्मितीचे ६७२ मेगावॅटचे वायुविद्युत केंद्र आहे. आणि कुंडलिका जिथून वाहत येते त्या भिऱ्याला, माणगाव तालुक्यात, जवळपास शंभर वर्षे पाण्यावर वीज तयार होते आहे.

कोळसा, तेल आणि वायू सोडून सूर्य, वारा आणि पाण्याकडे वळण्याला सरकारी भाषेत ‘ऊर्जा संक्रमण’ म्हणतात. त्याची चर्चा बहुतेक वेळा धूर आणि तापमानवाढ यांभोवती फिरते. ती व्हायलाच हवी. पण चळवळीतल्या तरुणांनी त्यातला पैशाचा हिशोब आधी समजून घेतला पाहिजे असे मला वाटते. सौर वीज आता स्वस्त आहे, यात फारशी शंका उरलेली नाही. ती स्वस्त झाल्याचा फायदा मात्र ज्याच्याकडे स्वतःचे पक्के छप्पर, सातबारा आणि कमी व्याजाचे कर्ज आहे त्याला आपोआप मिळतो. बाकीच्यांना तो मागून, भांडून घ्यावा लागतो. आपल्या बहुतेक वस्त्या या दुसऱ्या गटात येतात.

भिरा आणि मुळशी

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला उतरवून टाटा कंपनीने १९२७ साली वीजनिर्मिती सुरू केली. त्याच वर्षी, याच जिल्ह्यात (तेव्हाचा कुलाबा जिल्हा) बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतले. एकीकडे पाण्यापासून मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज तयार होत होती आणि दुसरीकडे माणसांना सार्वजनिक तळ्याचे पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागत होता.

भिऱ्याच्या विजेला धूर नव्हता, पण किंमत होती. मुळशी खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावे धरणाच्या तडाख्यात आली. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह झाला आणि १९२४ च्या सुमारास तो मोडला. या लढ्याची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. खोऱ्यातली बरीच जमीन कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. कसणारे मावळे कुळे होते. पैशाचा प्रश्न आला तेव्हा ज्याचे नाव कागदावर त्याला मोबदला, हा साधा नियम लागला आणि सावकारांनी मोबदला घेऊन काढता पाय घेतला. ‘स्वच्छ’ ऊर्जेचा खर्च कुणी भरला आणि मोबदला कुणाला मिळाला, याचे हे महाराष्ट्रातले पहिले मोठे उदाहरण म्हणता येईल.

रोह्याच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे आहे. भिऱ्याला वीज तयार करून सोडलेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडवले जाते आणि शेतीला व कारखान्यांना मिळते. कोलाडचे राफ्टिंग याच पाण्याच्या सोडण्यावर चालते. याच अवजलावर महानिर्मितीचे ८० मेगावॅटचे आणखी एक केंद्र चालते. मुळशीच्या माणसांनी गमावलेल्या पाण्यावर रोह्याचे अर्थकारण उभे आहे, हे इथल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

बाबासाहेब आणि वीज

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. मजूर खात्याकडे तेव्हा वीज आणि सार्वजनिक बांधकामही होते, ही गोष्ट आपल्याकडच्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. युद्धानंतरच्या पुनर्रचनेसाठी सार्वजनिक बांधकाम आणि वीज यांवर जी धोरण समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष तेच होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्या समितीसमोर त्यांनी मांडलेला विचार आजही ताजा वाटतो. भारताची गरिबी हटवायची तर शेतीवरचा बोजा कमी झाला पाहिजे, त्यासाठी उद्योग हवेत आणि उद्योगांसाठी स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी ती साखळी होती. वीजपुरवठा खासगी हाती ठेवायचा की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच समोर ठेवला. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्याला झालेली परिषदही त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी स्पष्ट मागणी केली.

यंत्राला नावे ठेवणाऱ्यांशी त्यांचे कधी जमले नाही. दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांकडे जाऊ देणाऱ्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. सौर पॅनेल हेही यंत्रच आहे. म्हणून त्याच्याबद्दल विचारायचा प्रश्नही तोच आहे.

कोळसा आणि वायू स्वस्त का वाटतात

जळणाच्या विजेत भांडवलाचा खर्च तुलनेने कमी आणि इंधनाचा खर्च रोजचा असतो. सौर विजेत जवळजवळ सगळा खर्च पहिल्या दिवशी होतो आणि पुढे इंधन फुकट. दोन्हीची तुलना करताना हा फरक विसरला की गोंधळ होतो, कारण रोजच्या इंधनाचा भाव पुढच्या पंचवीस वर्षांत काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही.

कोकणाने हा धडा दाभोळला घेतला आहे. गुहागर तालुक्यातल्या एन्रॉनच्या प्रकल्पाशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने १९९३ मध्ये करार केला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. इंधन नाफ्था, दर डॉलरला बांधलेला आणि वीज घ्या वा न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचेच. तेल महागले, रुपया घसरला आणि युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी या कराराची चिरफाड केली.

दुसरे उदाहरण कच्छमधल्या मुंद्र्याच्या ४,००० मेगावॅटच्या कोळसा केंद्राचे. महाराष्ट्रही त्याचा ग्राहक आहे. २००६ च्या निविदेत तिथला सरासरी दर २ रुपये २६ पैसे ठरला होता, तो इंडोनेशियाचा कोळसा स्वस्त मिळेल या भरवशावर. इंडोनेशियाने २०१० मध्ये नियम बदलून निर्यातीचा भाव आंतरराष्ट्रीय बाजाराशी जोडला आणि सगळा हिशोब कोसळला. त्यानंतर दर वाढवून मिळावा म्हणून वर्षानुवर्षे खटले चालले. रायगडमध्येही शहापूर-धेरंड भागात कोळशावरचा मोठा प्रकल्प यायचा होता. शेतकऱ्यांनी विरोध केला आणि तो उभा राहिला नाही. तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हटले गेले. आयात कोळशाचा पुढचा इतिहास पाहता त्यांचा विरोध आर्थिकदृष्ट्याही शहाणपणाचा ठरला.

कारखान्यांचा प्रश्न मात्र विजेपुरता नाही, आणि इथे स्वच्छ ऊर्जेच्या समर्थकांनी प्रामाणिक राहिले पाहिजे. रासायनिक कारखान्याला वाफ लागते. एक टन वाफेला मध्यम प्रतीचा साधारण १७० ते १८० किलो कोळसा लागतो. तीच वाफ विजेच्या बॉयलरवर करायची तर ७०० च्या आसपास युनिट लागतात. कोळसा किलोला ८ रुपये आणि उद्योगाची वीज युनिटला ८ रुपये धरली, तर एका बाजूला सुमारे १,४०० रुपये आणि दुसऱ्या बाजूला ५,६०० रुपये येतात. चौपट फरक असताना कोणताही मालक स्वतःहून बॉयलर बदलणार नाही. कमी तापमानाच्या कामांना हीट पंप वापरून हा फरक बराच कमी करता येतो, पण सगळीकडे नाही.

कोळशाच्या त्या १,४०० रुपयांत काय धरलेले नाही, हे मात्र विचारले पाहिजे. चिमणीखाली राहणाऱ्यांचा दवाखाना, राखेची विल्हेवाट, काम बुडालेले दिवस यांपैकी काहीही कारखान्याच्या बिलात येत नाही. ते घराघरांतून भरले जाते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. सरकारने २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये अधिभार लावून सुरुवात केली आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. स्वच्छ ऊर्जेच्या निधीसाठी सुरू झालेला हा पैसा २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये हा अधिभार रद्द झाला, कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आणि सौर उपकरणांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. धूर सोसणाऱ्या वस्तीच्या नावाने मात्र यातला एक रुपयाही वेगळा काढलेला नाही.

डोलवीसारख्या पोलाद कारखान्यांवर आता बाहेरूनही दबाव येतो आहे. युरोपीय संघाने पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर कार्बनशुल्काची व्यवस्था केली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीचा टप्पा सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष शुल्काचा. ज्या मालामागे जास्त कोळसा जळाला तो तिथे महाग पडणार. पोलाद कंपन्या हरित ऊर्जेच्या गोष्टी अचानक इतक्या उत्साहाने का बोलू लागल्या, याचे बरेचसे उत्तर या तारखांत आहे.

एकच सूर्य, तीन व्याजदर

सौर विजेची घसरण थक्क करणारी आहे. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाच्या पहिल्या निविदांत युनिटचा दर ११ ते १२ रुपयांच्या घरात होता. २०१७ मध्ये राजस्थानात भाडला येथे तो २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत १ रुपया ९९ पैशांपर्यंत घसरला. नंतर तो थोडा वर गेला तरी नव्या कोळसा केंद्राच्या विजेपेक्षा तो बराच खाली आहे. देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा जुलै २०२५ मध्ये निम्म्यावर पोचल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. (क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक आहे. निर्मितीत अजून साधारण ७० टक्के वाटा कोळशाचाच आहे. भाषणात हा फरक कुणी गाळला तर टोकावे.)

हा झाला मोठ्या प्रकल्पांचा दर. घरावरच्या पॅनेलचा हिशोब व्याजावर अवलंबून असतो. एक किलोवॅटची यंत्रणा ५० हजार रुपयांना बसते असे धरू. कोकणातला पावसाळा वजा करून ती वर्षाला साधारण १,३०० युनिट देते, म्हणजे महिन्याला सरासरी १०८. पंचवीस वर्षांत ३२,५०० युनिट होतात. पैसे रोख असतील तर युनिट दीड रुपयाला पडले. बँकेचे ७ टक्क्यांनी दहा वर्षांचे कर्ज मिळाले तर हप्ता ५८० रुपये, एकूण परतफेड सुमारे ६९,६०० रुपये आणि युनिट २ रुपये १४ पैशांना. हेच कर्ज २४ टक्क्यांनी घ्यावे लागले, म्हणजे छोट्या फायनान्स कंपन्या बचत गटांना ज्या भावाने देतात त्याच्या आसपास, तर हप्ता १,१०० रुपयांच्या वर जातो, परतफेड १ लाख ३२ हजारांवर जाते आणि युनिट चार रुपयांना पडते. पॅनेल तेच आणि ऊनही तेच, पण बँकेच्या दारात उभे राहता येत नसलेल्या घराला वीज जवळपास दुप्पट महाग. देखभाल, इन्व्हर्टर बदलणे हा खर्च यात धरलेला नाही. तो तिघांनाही सारखाच.

गरीब घराचा आणखी एक प्रश्न आहे. ज्याचा वापर महिन्याला ५०-६० युनिट आहे, तो वीजबिलाच्या सर्वांत खालच्या टप्प्यात असतो. त्याचे युनिट आधीच स्वस्त, त्यामुळे सौर विजेने वाचणारी रक्कमही लहान. स्थिर आकार भरावाच लागतो. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण वर्षाअखेरीस शिल्लक राहिलेल्यांना मिळणारा भाव कमी असतो. उलट महिन्याला ४०० युनिट वापरणारा बंगलेवाला सर्वांत महागडे युनिट आधी वाचवतो. म्हणूनच अनुदानाशिवाय छपरावरची सौर वीज आधी श्रीमंतांकडे गेली. हा बाजाराचा साधा नियम आहे, त्यात कुणाचा कट शोधायची गरज नाही. पण नियम कळला की अनुदान कुणाला जास्त मिळाले पाहिजे हेही कळते.

चुलीचाही हिशोब याला जोडून करावा. १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरइतके काम इंडक्शन शेगडीवर करायला साधारण १३० युनिट लागतात. स्वतःच्या पॅनेलची वीज असेल तर हे परवडते. नसेल, तर हेच १३० युनिट घराला वीजबिलाच्या वरच्या टप्प्यात ढकलतात. देशाला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी आयात होतो, त्यामुळे त्याचा भाव परदेशात ठरतो. ‘गॅस सोडा, विजेवर या’ असे सांगणाऱ्याने आधी घराच्या छपराकडे बघावे.

सूर्य मावळल्यावर

वस्तीत विजेची खरी गरज संध्याकाळी सहा ते दहा असते आणि तेव्हा पॅनेल झोपलेले असते. याचे एक उत्तर पुन्हा भिऱ्यालाच आहे. तिथे १९९७ पासून १५० मेगावॅटचा उदंचन संच आहे, म्हणजे स्वस्त वीज असेल तेव्हा खालचे पाणी पुन्हा वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. चार युनिट खर्चून तीनच्या आसपास परत मिळतात, तरी ते परवडते, कारण संध्याकाळची वीज महाग असते. पूर्वी स्वस्त वीज मध्यरात्री असे, आता सौर विजेमुळे ती दुपारी असते. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने कर्जत तालुक्यात भिवपुरीला १,००० मेगावॅट आणि पुणे जिल्ह्यात शिरवट्याला १,८०० मेगावॅटचे असे प्रकल्प उभारण्याचा करार राज्य सरकारशी केला. गुंतवणूक सुमारे १३ हजार कोटी रुपये. बॅटऱ्याही स्वस्त होत आहेत. लिथियम बॅटरीचा जागतिक सरासरी भाव २०१० मध्ये युनिटमागे हजार डॉलरच्या वर होता, तो २०२४ मध्ये ११५ डॉलरवर आला.

मोठे ग्राहक बाहेर पडले तर

हा मुद्दा सर्वांत कमी बोलला जातो आणि माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. महावितरण उद्योगांकडून जास्त दर घेते आणि त्यातून शेती व लहान घरगुती ग्राहकांचा दर खाली ठेवते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. वीज कायदा २००३ ने मोठ्या ग्राहकांना ‘ओपन अॅक्सेस’ दिला, म्हणजे त्यांना दुसऱ्याकडून वीज घेता येते किंवा स्वतःचा सौर प्रकल्प लावता येतो. सौर वीज स्वस्त झाल्यावर ते तसे करणारच. जो जास्त पैसे भरत होता तो निघून गेला, की खांब, तारा, रोहित्रे आणि जुन्या कोळसा करारांचा खर्च उरलेल्यांवर वाटला जातो. छपरावर पॅनेल लावू शकणारा मध्यमवर्गही त्यातून सुटतो. मागे राहतो तो भाड्याच्या खोलीतला कामगार आणि पत्र्याच्या घरातले कुटुंब. स्वच्छ ऊर्जेने देशाचा खर्च कमी होत असताना याच ग्राहकाचे बिल वाढू शकते. वीज नियामक आयोगाच्या दरवाढीच्या सुनावण्यांत कोणालाही लेखी हरकत घेता येते. उद्योगांच्या संघटना न चुकता घेतात. आपल्या संघटना तिथे क्वचितच दिसतात.

नोकरी, आरक्षण, जमीन

राज्य विद्युत मंडळ १९६० साली झाले आणि २००५ मध्ये त्याच्या महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशा कंपन्या झाल्या. सरकारी मालकी असल्याने तिथे आरक्षण आहे. चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र, कोराडी, भुसावळ, परळी, शिवाय वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी अशा ठिकाणच्या कायम नोकरीवर आपली कितीतरी घरे उभी राहिली. मुले शिकली, चळवळीला वर्गणी मिळाली. नवे सौर प्रकल्प बहुतांशी खासगी आहेत आणि तिथे आरक्षण नाही. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. उभारणीच्या काही महिन्यांत हाताला काम मिळते, पुढे पहारेकरी आणि पॅनेल धुणारे एवढेच उरतात, तेही ठेकेदारामार्फत. कोळसा केंद्रे कधीतरी बंद होणारच, आणि व्हावीतही. पण त्या बदलात आरक्षित पदे गुपचूप नाहीशी होत असतील तर ते मुद्दाम मोजले पाहिजे. महानिर्मिती स्वतः सौर प्रकल्प उभारू शकते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात तिने १२५ मेगावॅटचा प्रकल्प दहा वर्षांपूर्वीच उभारला आहे. सरकारी कंपनीने जास्त सौर प्रकल्प स्वतःच्या मालकीचे ठेवावेत ही मागणी १९४७ च्या बाबासाहेबांच्या भूमिकेशी थेट जुळते.

जमिनीचेही तसेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीसाठीची वाहिनी सौर विजेवर आणण्यासाठी खासगी जमीन हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाड्याने घेतात. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही रक्कम चांगली आहे. भूमिहीनाला यातून काहीच मिळत नाही. शिवाय या प्रकल्पांसाठी गायरानासह सरकारी जमिनीही दिल्या जातात. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यातून गायरानाचा प्रश्न पुढे आला आणि १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. त्यातली अनेक प्रकरणे अजून कागदावरच आहेत. ज्या गायरानावर एखादे कुटुंब पन्नास वर्षे कसते आहे पण नाव लागलेले नाही, तिथे ‘मोकळी सरकारी जमीन’ म्हणून पॅनेल येऊ शकतात. मुळशीत कुळांचे जे झाले ते पुन्हा घडायला धरणच लागते असे नाही.

वस्तीसाठी आज काय उपलब्ध आहे

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, असे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ‘स्मार्ट’ योजनेने त्यावर भर घातली. मासिक वापर १०० युनिटच्या आत असलेल्या घराला एक किलोवॅटसाठी राज्याकडून १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या घराला १५ हजार आणि दारिद्र्यरेषेखालील घराला १७,५०० रुपये. ५० हजारांच्या यंत्रणेत अनुसूचित जातीच्या कुटुंबाच्या खिशातून ५ हजार आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाच्या खिशातून २,५०० रुपये जातात. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धही अनुसूचित जातीत धरले जातात, पण जातीचा दाखला हातात हवा. वर केलेला व्याजाचा सगळा हिशोब या अनुदानाने उलटतो. त्यामुळे योजना चांगली की वाईट या वादात वेळ न घालवता आपली घरे तिच्यात बसतात का, ते पाहावे.

अडचणी कागदाच्या आणि छपराच्या आहेत. वीजमीटर बहुतेक घरांत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असतो. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या ८-अ उताऱ्यावर वेगळ्याच नावाने असते. जुनी थकबाकी असते. हे तिन्ही दुरुस्त केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि नाव बदलून घेण्याचे काम एखाद्या शिकलेल्या मुलाने वस्तीत बसून करण्यासारखे आहे. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते. रमाई आवास योजनेतले घरकुल २६९ चौरस फुटांचे, म्हणजे स्लॅब असेल तर जागा पुरते. पत्रा किंवा कौले असतील तर सांगाड्याचा खर्च वाढतो. कोकणात तो टाळूही नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडात पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिले आहे. घरकुल मंजूर करतानाच स्लॅब आणि सौर यंत्रणा एकत्र द्यावी, ही मागणी समाजकल्याण खात्याकडे करता येईल.

वरसे, धाटाव परिसरातल्या भाडेकरूंना ही योजना लागू पडत नाही, कारण छपरावर हक्क मालकाचा. केंद्राच्या योजनेत दुसऱ्याच्या भांडवलाने किंवा वितरण कंपनीच्या पुढाकाराने यंत्रणा बसवण्याचे मार्ग आहेत, आणि गृहसंस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजारांचे अनुदान आहे. विहार आणि समाजमंदिराची जोडणी घरगुती नसल्याने त्यांना हे अनुदान नाही. तिथे अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकासाच्या निधीतून सौर दिवे वगैरे कामे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालावी लागतात. आराखडा ग्रामसभेत ठरतो, म्हणून त्या सभेला हजर राहावे लागते. ज्यांच्याकडे शेत आणि पाणी आहे त्यांना ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याच्या १० टक्क्यांऐवजी ५ टक्केच वाटा भरावा लागतो.

शेवटी कामाचा मुद्दा. आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा थोड्या प्रशिक्षणाने सौर यंत्रणा बसवू शकतो. केंद्राचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम त्यासाठीच आहे. चार-पाच जणांनी मिळून लघुउद्योग म्हणून नोंदणी केली तर केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून घ्यावा, हा २०१२ च्या धोरणातला नियम त्यांच्या बाजूने असतो. पीएम सूर्यघरची सध्याची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे, म्हणजे ३१ मार्च २०२७.